पाचवी खुर्ची : विल्यम एस. हार्टचं प्रकरण

१९१९च्या फेब्रुवारीतला एक प्रसिद्ध फोटो आहे. मेरी पिकफर्ड, चार्ली चॅप्लिन, डग्लस फेअरबँक्स आणि दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ 'युनायटेड आर्टिस्ट्स' या नव्या कंपनीच्या करारावर सह्या करताहेत. स्टुडिओवाल्यांच्या हाताखाली राबायचं नाही, आपले चित्रपट आपणच विकायचे, असं कलावंतांनी ठरवलं होतं. फोटोत चौघं आहेत. महिनाभर आधी ही योजना जाहीर झाली तेव्हा मात्र नावं पाच होती. पाचवा होता विल्यम एस. हार्ट, त्या काळातला वेस्टर्न चित्रपटांचा सगळ्यात मोठा नट.

हार्टने ऐनवेळी अंग काढून घेतलं. सहा वर्षांनी तोच माणूस आपला एक चित्रपट घेऊन याच कंपनीच्या दारात उभा राहिला, भागीदार म्हणून नव्हे तर बाहेरचा निर्माता म्हणून. कंपनीने चित्रपट नीट विकला नाही असं म्हणत तो कोर्टात गेला. दावा वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी निकाल त्याच्या बाजूने लागला. पण त्या चित्रपटानंतर त्याने दुसरा केलाच नाही.

हे प्रकरण साधारणपणे 'काळ बदलला, जुना नट मागे पडला' एवढ्यात गुंडाळलं जातं. मला ते पटत नाही. १९२५ साली वेस्टर्न मेला नव्हता, उलट जोरात होता. हार्टचं जे झालं त्याची मुळं त्याच्या यशातच होती. ती दिसण्यासाठी त्याच्या पन्नाशीपासून मागे जावं लागतं, कारण हा माणूस सिनेमात आला तेव्हाच एकोणपन्नास वर्षांचा होता.

नाटकातला काउबॉय

जन्म ६ डिसेंबर १८६४चा, न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्गचा. वडील पिठाच्या गिरण्यांवर काम करणारे. त्या कामाच्या मागे कुटुंब मध्य-पश्चिमेकडे फिरलं, मिनेसोटा आणि डकोटाच्या सरहद्दीवर राहिलं. तिथे सू या मूळ अमेरिकन जमातीची मुलं त्याच्या खेळातले सवंगडी होती, त्यांच्या भाषेचे काही शब्दही त्याला येत असत. पंधरा-सोळाव्या वर्षी सगळे परत न्यूयॉर्कला आले. म्हणजे पश्चिमेत त्याने काढलं ते बालपण. पुढचं जवळजवळ सगळं आयुष्य तो त्या बालपणाच्या जोरावर 'मला पश्चिम ठाऊक आहे' असं सांगत राहिला. खोटं नव्हतं ते. पण आठ-दहा वर्षांच्या पोराला जी पश्चिम दिसते ती मोठ्या माणसाला दिसते त्याहून बरीच उंच, रुंद आणि पवित्र असते, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

मग नाटक. पंचवीसएक वर्षं तो रंगभूमीवर होता. हेलेना मोजेस्कासारख्या नामांकित अभिनेत्रीबरोबर त्याने कामं केली, शेक्सपिअर केला, भरदार आवाज कमावला. १८९९मध्ये ब्रॉडवेवर 'बेन-हर' आलं तेव्हा मेसालाची, म्हणजे नायकाच्या वैऱ्याची भूमिका त्याच्याकडे होती. त्या नाटकात रथांची शर्यत रंगमंचावर होत असे. खरे घोडे, खरे रथ, पायाखाली फिरते पट्टे, घोडे जागच्या जागी चौखूर उधळताहेत आणि मागचा रंगवलेला पडदा सरकतोय. प्रेक्षागृहात टापांचा आवाज दणाणत असणार. सगळं खरं आणि सगळं नाटकी. हार्टच्या पुढच्या सगळ्या चित्रपटांकडे बघताना मला हे फिरते पट्टे आठवतात.

१९०५च्या 'द स्क्वॉ मॅन' या नाटकात त्याला पहिल्यांदा काउबॉयची भूमिका मिळाली, तीही खलनायकाची. नंतर 'द व्हर्जिनियन'मध्ये नायक म्हणून त्याने दौरे केले. नाटकधंद्यात आता त्याला 'वेस्टर्न नट' म्हणून ओळखू लागले.

याच दौऱ्यांच्या काळातला एक प्रसंग त्याने आत्मचरित्रात सांगितला आहे. क्लीव्हलँडला असताना तो एक वेस्टर्न चित्रपट बघायला गेला. पडद्यावरचा शेरीफ लाकूडतोड्या आणि कोळी यांचं मिश्रण वाटावा असा नटला होता. आजूबाजूचे लोक मात्र खूश. बाहेर पडताना हार्टने ठरवलं, हे आपण करायचं आणि नीट करायचं. आत्मचरित्रातले असे साक्षात्काराचे क्षण मी जरा जपूनच घेतो. पण यात एक गोष्ट पुढच्या सगळ्याशी जुळते : त्याला खटकली ती गोष्ट नव्हे, खटकले ते कपडे.

इन्सव्हिल

१९१४च्या उन्हाळ्यात तो कॅलिफोर्नियात टॉमस इन्सकडे गेला. दोघांची नाटकातली जुनी ओळख, एके काळी एका खोलीत राहिलेले. इन्स आता बडा निर्माता झाला होता. सांता मोनिकाजवळच्या सांता इनेझ दरीत त्याचा प्रचंड स्टुडिओ होता, लोक त्याला 'इन्सव्हिल'च म्हणत. ओक्लाहोमाच्या '१०१ रँच' या तमाशा-सर्कशीचे घोडेस्वार, गुरं आणि सू कुटुंबं त्याने कामावर ठेवली होती. हार्टला तिथे लहानपणचं गाव सापडल्यासारखं झालं.

इन्स म्हणाला, बाबा रे, वेस्टर्नचा आता बाजार उठलाय, जो उठतो तो हेच काढतोय. हार्ट ऐकेना. आठवड्याला ७५ डॉलरवर त्याला ठेवून घेतलं. 'द बार्गेन' हा त्याचा पहिला मोठा चित्रपट त्याच वर्षी झाला. काम आटोपलं असं समजून तो न्यूयॉर्कला परतला, आणि पाठोपाठ इन्सचं बोलावणं आलं : परत ये, नट आणि दिग्दर्शक म्हणून, आठवड्याला १२५. चित्रपट चालणार हे इन्सला कळलं होतं. हार्टला नव्हतं. व्यवहारात हार्ट कायम असाच एक पाऊल मागे राहिला.

आपल्याकडे वेस्टर्न म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर थेट क्लिंट ईस्टवूड येतो : दाढीचे खुंट, धूळ, बारीक केलेले डोळे, कमी बोलणं. तो धुळकट माणूस पडद्यावर पहिल्यांदा ठसवला हार्टने. त्याच्या आधी 'ब्रॉन्को बिली' अँडरसनने शेकडो छोट्या चित्रपटांतून काउबॉय हा नायक घडवला होता, पण ते सगळं झटपट काम. हार्टच्या चित्रपटात रस्त्यावरची धूळ दिसते, पाण्याने दाबून टाकलेली नाही, उडणारी. घरं फळ्यांची, भिंतींवर रंग नाही. शर्ट मळलेले, जाकीट साधं, कमरेला गुंडाळलेला कापडी पट्टा. छायालेखक जोसेफ ऑगस्ट आणि कथाकार सी. गार्डनर सलिव्हन अशी जोडी जमली आणि हार्टचा साचा तयार झाला. नायक हा मुळात गुन्हेगार. दरोडेखोर, जुगारी, बंदूकबाज. एक सोज्वळ मुलगी दिसते आणि त्याच्या आतला चांगुलपणा जागा होतो. मग पश्चात्ताप, मग त्याग, कधीकधी मरणही.

१९१६चा 'हेल्स हिंजेस' हा या साच्यातला सर्वांत उत्तम नमुना. नरकाच्या बिजागऱ्या असं नाव पडलेलं एक बदनाम गाव. तिथे एक तरुण धर्मोपदेशक येतो, मनाने कच्चा, बरोबर त्याची बहीण. गावातल्या गुंडांनी त्याला पिटाळायला ब्लेझ ट्रेसीला, म्हणजे हार्टला, पुढे केलेलं असतं. तो येतो, बहिणीचा चेहरा बघतो आणि थांबतो. इथे हार्टचा चेहरा बघावा. तो काही करत नाही. लांबट दगडी तोंड, पातळ ओठ. डोळे फक्त थोडे मऊ होतात आणि कॅमेरा तिथेच रेंगाळतो. नाटकात पंचवीस वर्षं शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणाऱ्या माणसाने कॅमेऱ्यासमोर एवढं कमी करायला कसं शिकून घेतलं याचं मला खरंच नवल वाटतं.

पुढे धर्मोपदेशकच दारूच्या आणि बाईच्या नादी लागतो आणि चर्च जळतं. ट्रेसी परत येतो, दोन्ही हातांत पिस्तुलं, सलूनमध्ये शिरतो, वरचे दिवे गोळ्यांनी फोडतो आणि सगळं गाव पेटतं. धुराचे लोट, ज्वाळांच्या पुढे काळी आकृती. मूकपटांच्या काळात आग दाखवायची तर आग लावावी लागे. लाकडी गाव खरोखर जाळलंय आणि ते कळतं. १९९४मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत हा चित्रपट घेतला गेला.

आता याच चित्रपटाची गोष्ट कागदावर मांडून बघा. पवित्र कन्या, पतित भाऊ, पश्चात्तापदग्ध दांडगट, दुष्टांच्या नगरीला अग्नी. हे पश्चिमेत घडलेलं काही नाही. हे एकोणिसाव्या शतकातलं प्रवचनवजा नाटक आहे, खऱ्या धुळीत उभं केलेलं. हार्टचा खरेपणा वस्तूंचा होता : खोगीर खरं, टोपी खरी, फळी खरी. गोष्ट मात्र फिरत्या पट्ट्यांवरची. त्याची फसगत अशी की त्याला या दोन्ही गोष्टी एकसारख्याच खऱ्या वाटत होत्या. म्हणून पुढे कुणी गोष्ट बदल म्हणालं की 'पश्चिमेचा अपमान' झाल्यासारखा तो उसळायचा.

एक गोष्ट दडवून चालणार नाही. सू लोकांबद्दल प्रेमाने बोलणाऱ्या या माणसाच्या चित्रपटांत गोऱ्या वंशाचा अभिमान उघडाच आहे. १९१६च्याच 'द आर्यन'मध्ये नायकाची सुटका होते ती आपल्या रक्ताची आठवण झाल्यामुळे, आणि चित्रपटाचं नावच त्याची ग्वाही देतं. काळ तसा होता हे खरं, पण ही कथा निवडणारा आणि तीत नायक होणारा हार्टच होता.

फ्रिट्झ आणि हिशेब

हार्टचा घोडा फ्रिट्झ. पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांचा पिंटो, अंगाने लहान. सव्वासहा फुटांच्या आसपासचा हार्ट त्याच्यावर बसला की पाय जमिनीला टेकतील की काय असं वाटायचं. पण घोडा काटक होता आणि पडद्यावर नावाने ओळखला जाणारा पहिला घोडा बहुधा तोच. प्रेक्षक त्याच्यासाठी पत्रं लिहीत.

इन्सशी हार्टचं बिनसलं ते पैशावरून. चित्रपट हार्ट दिग्दर्शित करी, नाव आणि नफा यातला मोठा वाटा इन्सकडे जाई. आपल्या चित्रपटांनी स्टुडिओला किती मिळवून दिलं हे हळूहळू हार्टच्या ध्यानात आलं. १९१७मध्ये दोघंही पॅरामाउंटवाल्या अडॉल्फ झुकरच्या छत्राखाली आर्टक्राफ्ट कंपनीत गेले, पण इन्सचा वाटा चालूच राहिला. तेव्हा हार्टने सूड उगवला तो असा : त्याने फ्रिट्झला चित्रपटांतून काढून घेतलं. माझ्या घोड्याच्या जिवावर इन्सने कमवायचं नाही! 'द नॅरो ट्रेल'नंतर जवळपास दोन वर्षं फ्रिट्झ पडद्यावर दिसला नाही. इन्सचा करार संपल्यावरच तो परतला.

हसू येतं, पण स्वभाव कळतो. वाटाघाटीच्या टेबलावर न बोलता हा माणूस तबेल्याला कुलूप लावतो.

१९१८मध्ये तो कीर्तीच्या शिखरावर होता. युद्धकर्जाच्या रोख्यांच्या प्रचाराला पिकफर्ड, फेअरबँक्स आणि चॅप्लिन यांच्याप्रमाणे तोही देशभर हिंडला. म्हणूनच १९१९च्या जानेवारीत पाचांत त्याचं नाव असणं स्वाभाविक होतं.

मग तो का निसटला? झुकरने त्याच्यापुढे नऊ चित्रपटांचा प्रस्ताव ठेवला, दर चित्रपटामागे दोन लाख डॉलर. युनायटेड आर्टिस्ट्समध्ये भांडवल ज्याचं त्याने उभं करायचं होतं, नफा झाला तर आपला, तोटाही आपलाच. हार्ट चोपन्न वर्षांचा होता, बहीण मेरी एलन त्याच्यावर अवलंबून, नाटकाच्या दिवसांत उपासमारीची चव घेतलेली. हातची रक्कम सोडून चौघांबरोबर जुगार का खेळायचा? मला विचाराल तर त्या दिवशी घेतलेला निर्णय हिशेबाने चुकीचा नव्हता. चॅप्लिनलाही जुन्या कराराचे चित्रपट संपवून नव्या कंपनीला पहिला चित्रपट द्यायला चार वर्षं लागली. पण त्या खुर्चीबरोबर एक गोष्ट मिळणार होती जी दोन लाखांत नव्हती : आपला चित्रपट कुठे, कधी आणि कसा विकायचा, हे ठरवताना आपलंही मत.

टॉम मिक्स

नऊ चित्रपट झाले. पहिला, १९२०चा 'द टोल गेट', उत्तम चालला. पण पुढे उतार सुरू झाला, आणि त्याच सुमारास समोरून टॉम मिक्स येत होता.

फॉक्स कंपनीचा हा नट म्हणजे हार्टचं दुसरं टोक. पांढरी टोपी, भरतकाम केलेले शर्ट, हातमोजे, चकचकीत बूट. घोडा टोनी दऱ्या ओलांडतोय, मिक्स धावत्या गाडीवरून उडी मारतोय, कुणी मरत नाही, कुणी पस्तावत नाही, शेवटी सगळे हसतात. युद्धातून बाहेर पडलेल्या प्रेक्षकाला हेच हवं होतं. हार्टला मिक्स म्हणजे सर्कस वाटे.

इथे या प्रकरणातली सगळ्यात गमतीची गाठ आहे. मिक्स खरोखरचा घोडेस्वार होता. '१०१ रँच'वर त्याने कामं केली होती, रोडिओत उतरला होता, दोर टाकणं आणि गुरं वळणं त्याला हातचा मळ. त्याच्या जाहिरातवाल्यांनी त्याला युद्धवीर बनवलं ते मात्र निव्वळ थापा होत्या. तो सैन्यातून पळून आलेला होता. तर खरा काउबॉय खोटे कपडे घालून खोट्या गोष्टी करत होता, आणि नाटकातला नट खरे कपडे घालून आपली गोष्ट खरी असल्याची शपथ घेत होता. प्रेक्षकांनी पहिल्याला निवडलं. त्यात त्यांची फसवणूक झाली असं म्हणता येत नाही, कारण मिक्सने त्यांना खरेपणाचं वचन कधी दिलंच नव्हतं.

१९२२मध्ये बस्टर कीटनने 'द फ्रोझन नॉर्थ' हा छोटा विनोदी चित्रपट काढला. त्यात तो हार्टची नक्कल करतो, दगडी चेहऱ्यावरून ग्लिसरीनचे जाडजूड अश्रू ओघळतात. हार्टला हे फार लागलं. नकलेत माणसाचं जे नेमकं टिपलं जातं तेच सगळ्यात झोंबतं, आणि कीटनने टिपलं होतं ते नाटकीपण.

घरातही घडी विस्कटत होती. १९२१च्या डिसेंबरात, सत्तावन्नाव्या वर्षी, त्याने विनिफ्रेड वेस्टओव्हर या बावीस वर्षांच्या अभिनेत्रीशी लग्न केलं. काही महिन्यांतच दोघं वेगळे झाले. पुढच्या सप्टेंबरात मुलगा झाला. घटस्फोट १९२७मध्ये. याबद्दल एवढंच.

मधला काही काळ विश्रांती घेऊन १९२३मध्ये तो 'वाइल्ड बिल हिकॉक' हा त्याच नावाच्या खऱ्या बंदूकबाजावरचा चित्रपट घेऊन परतला. वायट अर्प आणि बॅट मास्टरसन या जुन्या कायदेवाल्या बंदूकबाजांशी त्याची मैत्री होती आणि तिचा त्याला अभिमान होता. १९२९मध्ये अर्प वारला तेव्हा खांदा देणाऱ्यांत हार्ट होता, टॉम मिक्सही होता. तर हिकॉकवरचा हा चित्रपट त्याच्या दृष्टीने इतिहास होता. पण साठीला टेकलेला नायक वीस वर्षांच्या मुलीकडे बघून विरघळतो हे बघवत नव्हतं. पुढच्या 'सिंगर जिम मकी'मध्ये घोड्यासह कड्यावरून कोसळण्याचं दृश्य होतं. फ्रिट्झला इजा होऊ नये म्हणून त्याची हुबेहूब प्रतिकृती करून घेतली, तारांनी उभी केली, वर हार्ट स्वतः बसला, तारा कापल्या आणि दोघं खाली गेले. घोडा खोटा, माणूस खरा, साठीच्या उंबरठ्यावरचा. हा चित्रपटही पडला.

झुकरच्या पॅरामाउंटने तेव्हा सांगितलं : यापुढे कथा आम्ही निवडू, दिग्दर्शक आम्ही देऊ, तुम्ही काम करा. थिएटरवाल्यांच्या तक्रारी येत होत्या की हार्टचं सगळं तेच ते आहे. आज बघताना तक्रार रास्त वाटते. हार्टने नकार दिला. गंमत अशी की त्याच कंपनीने १९२३मध्ये 'द कव्हर्ड वॅगन' काढून धो-धो पैसा केला होता आणि १९२४मध्ये फॉक्ससाठी जॉन फोर्डने 'द आयर्न हॉर्स' केला. लोकांना खऱ्या धुळीतला, खऱ्या गर्दीतला पश्चिमेचा इतिहास हवाच होता. त्या धुळीतला हार्टचा पश्चात्ताप तेवढा नको होता.

'टंबलवीड्स'

म्हणून १९२५. स्वतःची निर्मिती, सुमारे तीन लाख डॉलर खर्च, दिग्दर्शक म्हणून किंग बॅगॉट, वितरक युनायटेड आर्टिस्ट्स. कंपनीचा कारभार आता जोसेफ शेंकच्या हातात होता. सलिव्हन आणि ऑगस्ट हे जुने सोबती परत आले. फ्रिट्झ मात्र निवृत्त झाला होता.

विषय होता १६ सप्टेंबर १८९३चा. ओक्लाहोमातला चेरोकी पट्टा, साठ लाख एकरांहून अधिक जमीन, त्या दिवशी दुपारी बारा वाजता वसाहतीसाठी खुली झाली. लाखाहून जास्त माणसं सीमेवर रांगेत उभी. इशारा झाला की धावायचं, ज्याने आधी खुंटी ठोकली त्याची जमीन. वेळेआधी चोरून आत शिरणाऱ्यांना 'सूनर' म्हणत. ओक्लाहोमाचं टोपणनाव आजही तेच आहे, आणि ते आता अभिमानाने मिरवतात!

हार्ट यात डॉन कार्व्हर, एका गुराख्यांच्या टोळीचा म्होरक्या. वसाहत होणार म्हणून पट्ट्यातली गुरं बाहेर हाकली जातात. टेकडीवर घोडेस्वारांची रांग, खाली गुरांचा न संपणारा लोंढा. हार्ट टोपी काढतो, मग एकेक करून सगळे काढतात. पाटी येते : मुलांनो, ही पश्चिमेची अखेर.

हे दृश्य मला प्रत्येक वेळी आवडतं आणि प्रत्येक वेळी खटकतं. ज्यांच्या नावाचा तो पट्टा होता ते चेरोकी आदिवासी या शोकसभेत कुठेच नाहीत. गुराखी त्या जमिनीवर भाड्याचे होते.

पण शर्यत! तोफ उडते आणि रांग फुटते. घोडे, बग्ग्या, छपराच्या गाड्या, चाकं निखळताहेत, गाड्या उलटताहेत. कार्व्हरला खोट्या आरोपाखाली सूनर म्हणून डांबून ठेवलेलं असतं. तो निसटतो आणि सगळ्यांच्या मागून निघतो. कॅमेरा खाली, क्षितिज वर, आणि एकटा स्वार उतारावरून येतोय, अंग घोड्याच्या मानेवर इतकं झोकलेलं की माणूस आणि जनावर एक रेघ झालेत. साठ वर्षांचा माणूस आहे तो. इथे पश्चात्ताप नाही, प्रवचन नाही, वस्तू आणि गोष्ट पहिल्यांदा एका पातळीवर येतात. तक्रार करणाऱ्यांचं त्याने शेवटी ऐकलं होतं की काय, कोण जाणे. चित्रपटात विनोदही आहे, हार्टचा सोबती झालेला लुशियन लिटलफील्ड धमाल करतो.

आणि हा चित्रपट नीट पोचलाच नाही. मोठ्या शहरांत मोक्याची थिएटरं नाहीत, जाहिरातीचा जोर नाही. शेंकच्या दृष्टीने बघितलं तर त्याच्याकडे त्याच वर्षी चॅप्लिनचा 'द गोल्ड रश' होता. मालकांचे चित्रपट आणि बाहेरच्या एका मावळत्या नटाचा चित्रपट यांत वितरक कशाला आधी हात घालणार? पाचवी खुर्ची इथे आठवते. ती घेतली असती तर साठाव्या वर्षी हार्ट पुन्हा तरुण झाला नसता. पण कंपनीच्या बैठकीत कुणीतरी विचारलं असतं, 'बिलच्या चित्रपटाचं काय झालं?' आणि ते विचारणारा बिल, म्हणजे विल्यम हार्ट, स्वतःच असता.

आठ मिनिटांचा आवाज

त्यानंतर न्यूहॉल. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला टेकडीवर त्याने बावीस खोल्यांचं स्पॅनिश धाटणीचं घर बांधलं, नाव 'ला लोमा दे लोस व्हिएंतोस', वाऱ्यांची टेकडी. आत चार्ल्स रसेलची चित्रं, नवाहो विणीचे गालिचे. १९२९मध्ये आत्मचरित्र आलं. बोलपट आले आणि स्थिरावले. पंचवीस वर्षं रंगभूमीवर आवाज घासलेल्या माणसाची सिनेमातली सगळी कारकीर्द मुकी गेली आणि सिनेमा बोलू लागला तेव्हा हा घरी बसला होता. १९३८मध्ये फ्रिट्झ गेला, एकतीस वर्षांचा होऊन. त्याला तिथेच रँचवर पुरलं.

१९३९मध्ये 'टंबलवीड्स' संगीत आणि आवाज जोडून पुन्हा प्रदर्शित झाला. त्याच्या सुरुवातीला हार्टचं निवेदन आहे, सुमारे आठ मिनिटांचं, रँचवर चित्रित केलेलं. आज ते इंटरनेटवर सहज मिळतं. वेस्टर्नच्या पोशाखात चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस झाडांमधून पुढे येतो, टोपी हातात घेतो आणि बोलू लागतो. आवाज! जुन्या रंगभूमीचा, स्वर ताणणारा, थरथरणारा, प्रत्येक शब्दाला वजन देणारा. मळक्या शर्टातून शेक्सपिअरचा नट बाहेर येतो.

आधी तो चेरोकी पट्ट्याचा इतिहास सांगतो. मग चित्रपट करण्याच्या सुखाबद्दल बोलतो. तोंडावर सपकन बसणारा वारा, पाठीमागे टापा, पुढे दरीवर आडवं पडलेलं झाड आणि ते न बिचकता ओलांडणारा म्हातारा घोडा. धुळीतून दिग्दर्शकाचा अंधूक आवाज येतो : झकास झालं बिल, फ्रिट्झच्या नाकावर माझ्याकडून एक थोपट दे. मग ती धूळ सोनेरी होते, तिच्यातून गुरांचा भुताटकीसारखा कळप चाललेला दिसतो, त्याच्यापुढे रिकाम्या खोगिराचा पिंटो. हार्टचा गळा दाटून येतो. हे अश्रू ग्लिसरीनचे आहेत का, असा प्रश्न मनात आला आणि माझी मलाच लाज वाटली. कीटनने बिघडवून ठेवलंय आपल्याला.

तो २३ जून १९४६ला गेला. मेरी एलन तीन वर्षं आधीच गेली होती. न्यूहॉलचं घर आणि रँच त्याने लॉस एंजेलिस काउंटीला दिली. लोकांनी आपल्या चवल्या-पावल्या देऊन माझे चित्रपट पाहिले, मी गेल्यावर घर त्यांचं व्हावं, अशी त्याची इच्छा होती. मुलाने मृत्युपत्राला आव्हान दिलं, दावा बरीच वर्षं चालला, काउंटी जिंकली. १९५८मध्ये जागा लोकांसाठी खुली झाली. प्रवेश फुकट. १९६२मध्ये वॉल्ट डिस्नेने तिथे काही बायसन पाठवले, त्यांचा कळप टेकडीखालच्या कुरणात वाढला.

हार्ट स्वतः तिथे नाही. त्याला ब्रुकलिनच्या ग्रीन-वुड दफनभूमीत ठेवलं आहे, पूर्वेला, घरच्यांपाशी.